चष्मा उतरवण्यापूर्वी



पुण्यात वसंत ऋतू आला की आंब्याबरोबर व्याख्यानेही येतात. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेल्या परंपरेचे ऋण आपण अजून फेडतो आहोत, हे या नगरीचे भाग्यच होय. त्या परंपरेला साजेल असे पांडित्य माझ्याजवळ नाही. मी डोळ्यांचा डॉक्टर आहे आणि माझा व्यवहार साडेतेवीस-चोवीस मिलिमीटरच्या एका गोळ्यापुरता आहे. चालकांनी मला विषय दिला तो 'दृष्टिदोषांवरील लेझर व शस्त्रक्रिया' असा. हल्ली घरोघरी या विषयाची चर्चा असते. मुलगी लग्नाची झाली, चष्मा काढू या. मुलगा पोलीस भरतीला बसणार, चष्मा काढू या. आजोबांना दिसत नाही, तेही लेझरने होते म्हणे. या तिन्ही घरांत शब्द एकच वापरला जातो, परंतु गोष्टी तीन वेगळ्या असतात. त्यांची फोड करणे आणि त्यातून एक मुद्दा आपल्यापुढे ठेवणे, एवढेच माझे आजचे काम आहे.

आपण स्वारगेटला बसलो आहोत, तेव्हा दृष्टान्तासाठी दूर जायला नको. एस.टी.च्या स्थानकावर थोडा वेळ उभे राहा. गाडी फलाटाला लागत असते आणि माणसे तिच्या पाटीकडे पाहत असतात. एक तरुण डोळे बारीक करून पाहतो. पाटी अगदी जवळ आल्याशिवाय सातारा की सासवड हे त्याला कळत नाही, मात्र हातातले तिकीट तो मजेत वाचतो. ही निकटदृष्टिता. त्याच्या शेजारचे पन्नाशीचे गृहस्थ पाटी लांबूनच वाचतात, परंतु तिकीट वाचायला हात लांब करतात, आणि हात पुरेनासा झाला की कंडक्टरला विचारतात. ही चाळिशी. तिसऱ्या आजीबाई आहेत. त्यांना पाटीही धूसर आणि तिकीटही धूसर. रात्रीच्या गाडीचे दिवे त्यांना फुटल्यासारखे, पसरल्यासारखे दिसतात. हा बहुधा मोतीबिंदू. तिघांनाही 'दिसत नाही', पण तिघांचे दुखणे डोळ्याच्या वेगवेगळ्या भागात आहे. ज्या उपायाने पहिल्याचे काम होते, त्याने दुसऱ्याचे होत नाही, आणि तिसऱ्याला तर त्याचा उपयोगच नाही.

डोळ्याच्या पुढे पारपटल नावाची एक स्वच्छ काच असते. तिची मधली जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. प्रकाश वाकवण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम ही काचच करते. उरलेले काम आतले नेत्रभिंग करते. दोघे मिळून प्रकाश मागच्या दृष्टिपटलावर आणून ठेवतात. निकटदृष्टी माणसाचा डोळा बहुधा मागेपुढे लांब असतो. लांबी एक मिलिमीटरने वाढली तर चष्म्याला अडीच-तीन नंबर लागतो, इतका हा कारखाना काटेकोर आहे. आपण ज्याला नंबर म्हणतो तो डायॉप्टर. उणे दोन नंबरवाल्याला चष्म्याविना अर्ध्या मीटरपर्यंतच स्पष्ट दिसते. उणे पाच नंबरवाल्याला एका वितीपर्यंत. सारसबागेत उभे राहून त्याने पर्वतीकडे पाहिले तर टेकडी दिसेल, देऊळ दिसणार नाही. चाळिशीत मात्र डोळ्याची लांबी ठीक असते; आतले भिंग ताठर होते आणि जवळच्या वस्तूसाठी फुगत नाही. मोतीबिंदूत तेच भिंग गढूळ होते.

आता लेझर काय करते ते पाहू. डोळ्याची लांबी कमी करता येत नाही, म्हणून पुढच्या काचेचा उंचवटा थोडा सपाट करायचा, की प्रकाश बरोबर मागे जाऊन पडतो. ही कल्पना लेझरच्या आधीची आहे. होसे बाराकेर या शस्त्रवैद्याने १९४९ साली ती मांडली. तो पारपटलाची चकती कापून काढी, गोठवी, कातकाम करणाऱ्या कारागिरासारखी यंत्रावर घासून पुन्हा बसवी. त्याच्याही आधी जपानात सातो यांनी पारपटलाला आतल्या बाजूने चिरा देऊन ते सपाट करण्याचा प्रयोग केला होता. पुढे १९७०नंतर रशियात फ्योदोरोव यांनी बाहेरून, चाकाच्या आऱ्यांसारख्या चिरा देण्याची पद्धत रूढ केली, आणि ती जगभर गेली.

लेझरचा प्रवेश झाला तो एका गणकयंत्राच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतून. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीत काम करीत. तेथे अतिनील किरणांचे एक लेझर होते, त्याचे नाव एक्सायमर. १९८१च्या नोव्हेंबरात, सणाच्या दुसऱ्या दिवशी, श्रीनिवासन यांनी जेवणातून उरलेले टर्की पक्ष्याचे हाड प्रयोगशाळेत नेले आणि त्यावर हा किरण मारून पाहिला. कापणी झाली ती अशी स्वच्छ की बाजूचा भाग भाजला नाही, करपला नाही. या कामात ब्लम आणि विन हे त्यांचे सहकारी होते. दोनच वर्षांनी, १९८३ साली, न्यूयॉर्कचे नेत्रवैद्य ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्याबरोबर हाच किरण पारपटलावर वापरता येईल हे दाखवून दिले. या लेझरचा एक ठोका पारपटलाचा सुमारे पाव मायक्रॉन थर उडवतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इतकी बारीक कानस माणसाच्या हाती पूर्वी कधी आली नव्हती.

ही कानस वापरण्याच्या तीन तऱ्हा आज प्रचारात आहेत. पहिलीत पारपटलावरची नाजूक साल बाजूला करून थेट पृष्ठभागावर किरण मारतात; यात काही दिवस दुखते, नजर सावकाश स्थिरावते. दुसरीत वरचा एक पातळ पापुद्रा पुस्तकाच्या पानासारखा उलटतात, खाली किरण मारतात आणि पान पुन्हा मिटवतात, हीच 'लॅसिक'. तिसरी अलीकडची, हिच्यात दुसऱ्या जातीच्या लेझरने पारपटलाच्या आतच एक पातळ चकती कोरतात आणि लहानशा चिरेतून ती ओढून काढतात. तिन्हींत भूल थेंबांची, रुग्ण जागा, आणि प्रत्यक्ष किरणाचे काम काही सेकंदांचे. योग्य रुग्णाला योग्य रीतीने केली तर ही उत्तम शस्त्रक्रिया आहे, हे मी निःसंकोचपणे सांगतो. तिची निंदा करायला मी येथे उभा नाही.

परंतु 'योग्य रुग्ण' या दोन शब्दांतच सारे काही आले. काम सेकंदांचे आहे म्हणून लोक त्याला केशकर्तनाइतके सोपे समजतात. माझे म्हणणे असे आहे की या शस्त्रक्रियेत सुरीपेक्षा मोजपट्टी मोठी आहे. डॉक्टरची परीक्षा तो किती जणांचा चष्मा उतरवतो यावर करू नका. तो किती जणांना 'तुमचा उतरवणार नाही' असे सांगतो, यावर करा.

हिशेब साधा आहे, आपणही करू शकाल. समजा, एका तरुणाचे पारपटल ५५० मायक्रॉन जाड आहे आणि नंबर उणे चार. पापुद्र्याचे ११० गेले. दर नंबरामागे ढोबळ मानाने १५ मायक्रॉन धरले तर चार नंबरांचे ६०. खाली उरले ३८०. तळाशी किमान २५० मायक्रॉन शिल्लक हवेत, आणि पुष्कळ डॉक्टर ३००चा आग्रह धरतात. म्हणजे याचे ठीक आहे. आता दुसरा तरुण घ्या. पारपटल ४८०, नंबर उणे नऊ. पापुद्र्याचे ११०, नऊ नंबरांचे १३५, उरले २३५. याला लॅसिक करणे म्हणजे भिंत पोखरून घर मोठे करण्यासारखे आहे. डोळ्याच्या आत सतत दाब असतो. पातळ झालेली काच त्या दाबाने हळूहळू पुढे फुगू लागते, आणि चष्म्यानेही न सुधारणारी नजर पदरी येते.

जाडी पुरेशी असली म्हणून भागत नाही. काही तरुणांचे पारपटल उपजतच दुबळे असते आणि ते शंकूसारखे होऊ लागलेले असते. डोळे सतत चोळण्याची सवय, ॲलर्जीची खाज यांचाही या रोगाशी संबंध आहे. सुरुवातीला तो रुग्णाला कळत नाही. नंबर वारंवार बदलतो, एवढेच. पारपटलाचा यंत्राने नकाशा काढला म्हणजे तो उघडकीस येतो. अशा डोळ्यावर लॅसिक करणे हा घातच होय. त्याला वेगळा उपचार आहे: रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाचे थेंब आणि अतिनील किरण यांनी पारपटल घट्ट करतात, आणि रोगाची वाढ रोखतात. म्हणजे ज्याला चष्मा काढायला म्हणून आणले, त्याचा डोळा नुसत्या तपासणीने वाचतो.

आणखी काही अटी आहेत. वय अठरा पूर्ण हवे आणि वर्षभर नंबर स्थिर हवा. गरोदरपणी व अंगावर पाजत असताना शस्त्रक्रिया पुढे ढकलावी, कारण तेव्हा नंबर हलतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याने त्या तपासणीपूर्वी काढून ठेवाव्या लागतात, मऊ असल्या तर आठवडा-दोन आठवडे, कडक असल्या तर त्याहून अधिक. नाहीतर मापच चुकते. डोळे कोरडे असतील तर आधी त्यावर उपचार हवा, कारण पापुद्रा कापताना बारीक मज्जातंतू तुटतात आणि काही महिने कोरडेपणा वाढतो. काहींना रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. रात्री गाडी चालवणाऱ्याने हे आधी विचारून घ्यावे. त्याच्या मागे चाळीस-पन्नास उतारू झोपलेले असतात.

ही सावधगिरी मी कोठून शिकलो असे विचाराल, तर इतिहासाकडे बोट दाखवीन. सातो यांचे रुग्ण सुरुवातीला खूश होते. चष्मा गेला होता. परंतु पारपटलाच्या आतल्या पृष्ठावर पेशींचा एकच थर असतो, तो काचेतले पाणी बाहेर काढून ती स्वच्छ ठेवतो, आणि एकदा गेलेली पेशी पुन्हा उगवत नाही, हे ज्ञान तेव्हा नव्हते. चिरा नेमक्या त्याच थरातून गेल्या होत्या. दहा-वीस वर्षांनी शेकडो डोळ्यांतली काच सुजून पांढुरकी झाली. पुढे फ्योदोरोव पद्धतीची अमेरिकेत दहा वर्षे पाहणी झाली. १९९४ साली तिचे निष्कर्ष आले तेव्हा ४३ टक्के डोळ्यांचा नंबर अधिकाच्या बाजूला एक डायॉप्टर किंवा त्याहून जास्त सरकलेला होता. दोन्ही ठिकाणी दुसऱ्या दिवशीचा निकाल उत्तम होता. यातून घ्यायचा धडा हा की शस्त्रक्रियेचे गुणपत्रक दुसऱ्या दिवशी मिळत नाही. ते दहा-वीस वर्षांनी मिळते, आणि नोंद ठेवली असेल तरच मिळते.

नोंदीचा विषय निघाला आहे, तर मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी एक हकीकत सांगतो. तंजावरच्या भोसले घराण्यातले दुसरे सरफोजी महाराज १७९८ ते १८३२ गादीवर होते. राज्यकारभार इंग्रजांनी काढून घेतला होता; तेव्हा या राजाने आपले आयुष्य विद्येला वाहिले. सरस्वती महाल ग्रंथालयाची त्यांनी केलेली वाढ सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी धन्वंतरी महाल नावाची वैद्यकशाळाही चालवली आणि डोळ्यांच्या उपचारांत स्वतः लक्ष घातले, हे कमी जणांना ठाऊक असते. नेत्ररुग्णांचे कागद तेथे जपून ठेवलेले आहेत: रोगी कोण, तक्रार कोणती, उपचार कोणता केला, आणि सोबत त्या डोळ्यांची रंगीत चित्रे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आपल्याकडे नवी नव्हती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लिंगनाशावरील शलाकेचे कर्म सविस्तर सांगितले आहे. सरफोजींचे मोठेपण मला वाटते ते या कागदांत. ज्या काळी छायाचित्र नव्हते, त्या काळी डोळ्याचे चित्र काढून ठेवावे, म्हणजे मागाहून ताडून पाहता येईल, ही बुद्धी शास्त्रज्ञाची आहे.

तीच बुद्धी आपण घरात वापरावी, अशी माझी विनंती आहे. ज्यांच्या मुलामुलींचे लॅसिक झाले आहे, त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वीचे कागद फाडू नयेत. जुना नंबर, पारपटलाचा उंचवटा आणि जाडी यांची मापे लग्नपत्रिका जपतात तशी जपावीत. कारण असे की आज पंचवीस वर्षांची असलेली व्यक्ती कधीतरी साठीची होईल आणि तिला मोतीबिंदू येईल. तेव्हा डोळ्यात बसवायच्या भिंगाचा नंबर पारपटलाच्या मापावरून काढतात. लेझरने ते माप बदललेले असते, आणि नेहमीचे गणित चुकते. काचबिंदूसाठी डोळ्याचा दाब मोजतात, तोही पातळ पारपटलावर प्रत्यक्षाहून कमी भरतो. पुढच्या डॉक्टरला 'माझे लॅसिक झाले आहे' एवढे सांगितले तरी निम्मे काम होते.

आणखी एक गोष्ट. चष्मा गेला म्हणजे लांब डोळा आखूड झाला, असे नव्हे. मागचा पडदा ताणलेलाच राहतो. मोठा उणे नंबर असलेल्याला दृष्टिपटल सुटण्याचा धोका शस्त्रक्रियेनंतरही असतो. म्हणून डोळ्यांपुढे विजा चमकल्या, काळे ठिपके एकाएकी वाढले, तर त्याच दिवशी दाखवावे. डोळा लांबतो तो बालपणी. उघड्यावर, सूर्यप्रकाशात रोज दोनेक तास खेळणाऱ्या मुलांत निकटदृष्टिता कमी आढळते, असे अभ्यास सांगतात. तेव्हा नातवाला सारसबागेत नेणारे आजोबा नकळत त्याच्या डोळ्यांची निगा राखत असतात.

आता चाळिशीवाले. त्यांच्यातल्या काहींना वाटते, लेझर केले की सारेच चष्मे गेले. उणे दोन नंबरचे गृहस्थ आज चष्मा कपाळावर सारून वर्तमानपत्र वाचतात. ही निसर्गाने दिलेली सोय आहे. लांबचा नंबर लेझरने काढला, तर पाटी चष्म्याविना वाचता येईल आणि तिकिटासाठी चष्मा घ्यावा लागेल. हा सौदा पटत असेल तर जरूर करावा, पण सौदा आहे हे जाणून करावा.

भरतीसाठी धडपडणाऱ्या तरुणांना मी मुद्दाम दोन शब्द सांगतो. पुण्याच्या पेठांतून गावोगावची हजारो मुले खोली घेऊन अभ्यास करतात. बापाने जमिनीवर कर्ज काढून पाठवलेले पैसे त्यांच्या खिशात असतात. कोणी सांगितले म्हणून लेझर करून घ्यायचे आणि मग निकष वाचायचे, असा उलटा क्रम करू नये. सैन्य, पोलीस, रेल्वे, वाहनचालक, प्रत्येक पदाचे वैद्यकीय नियम वेगळे असतात. कोठे चष्मा चालतो आणि लेझर चालत नाही, कोठे लेझर चालते पण त्यानंतर ठरावीक मुदत लोटावी लागते, तर कोठे पारपटलाची उरलेली जाडीही मोजतात. आणि रंगांधळेपणा असेल तर तो या लेझरने जात नाही, हे पक्के ध्यानात ठेवा. ज्याचे पारपटल पातळ आहे त्याला काही वेळा डोळ्याच्या आत जादा भिंग बसवण्याचा मार्ग असतो; परंतु तोही भरतीच्या नियमात बसतो का ते आधी पाहावे. आणि डॉक्टरने 'नको' म्हटले, तर दुसरे 'हो' मिळेपर्यंत दारे हिंडू नयेत. पदे अनेक आहेत. डोळे दोनच आहेत.

शेवटी आजीबाईंकडे येतो. मोतीबिंदू लेझरने काढतात अशी समजूत सार्वत्रिक आहे. वस्तुतः गढूळ भिंग फोडून ओढून घेतात ते ध्वनिकंपनांनी. ही रीत अमेरिकेत केलमन यांनी १९६७ साली आणली. काही ठिकाणी पहिल्या चिरेसाठी लेझर वापरतात, आणि शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी मागचा पापुद्रा धुरकटला तर तो लेझरने मोकळा करतात. मुख्य काम मात्र वेगळे. काढलेल्या भिंगाच्या जागी कृत्रिम भिंग बसवण्याचा मान लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांचा, साल १९४९. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या खिडकीच्या कचकड्याचे तुकडे शिरले होते. डोळ्यांनी ते मुकाट्याने सोसले, हे पाहून त्यांना कल्पना सुचली. हे भिंग आपल्या गरिबाला परवडेना. १९९२ साली मदुराईला अरविंद नेत्र रुग्णालयाच्या प्रेरणेने भिंगांचा कारखाना निघाला आणि किंमत आवाक्यात आली. आपल्याकडे लातूर जिल्ह्यातून आलेल्या डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि खेडोपाडीच्या शिबिरांत याच शस्त्रक्रियेसाठी आयुष्य वेचले. त्यांना २००८ साली पद्मश्री मिळाली.

हे मी का सांगतो? देशात २०१५ ते २०१९ या काळात पाहणी झाली. पन्नाशीपुढच्या अंधांपैकी सुमारे ६६ टक्के लोक मोतीबिंदूने अंध होते असे तीत आढळले. म्हणजे तीन अंधांतले दोघे एका छोट्या शस्त्रक्रियेने पाहू लागले असते. सरकारी रुग्णालयांत व पुष्कळ धर्मादाय संस्थांत ती विनामूल्य किंवा अल्प खर्चात होते. तरीही आजी ओसरीवर बसून राहते, कारण 'आता या वयात कशाला' असे घर म्हणते, आणि पुढे तीही म्हणू लागते. त्याच घरात नातीच्या लग्नापूर्वी चष्मा उतरवण्यासाठी पैशांची तजवीज होते. नातीने चष्मा उतरवावा, त्यात गैर काही नाही. चष्मा तिला दिसू देतच होता. आजीला मात्र चष्म्यानेही दिसत नाही. घरात दोन डोळे दाखवायचे असतील तर पहिला रिक्षात बसायचा मान कोणाचा, हे आपणच ठरवा.

मथितार्थ एवढाच. नंबर घालवणे आणि दृष्टी मिळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी घाई नको, माप हवे. दुसरीसाठी चालढकल नको. तपासणीला तास गेला म्हणून कुरकुरू नका, मिळालेले कागद जपा, आणि नकार देणाऱ्या डॉक्टरवर रागावू नका. त्याने त्या दिवशी आपले पैसे नाकारून तुमचा डोळा राखलेला असतो.